पोर्तुगालांतील पंक्तिप्रपंच

राजांच्या वंशावळ्या, लढायांच्या तारखा आणि तहांचीं कलमें यांनीं इतिहासाचीं पानें भरलेलीं असतात. परंतु ज्या लोकांच्या नांवानें तो इतिहास लिहिला जातो ते लोक दुपारीं कोठें जेवत, काय जेवत आणि त्यासाठीं किती पैसे मोजीत, याविषयीं तो बहुधा मौन पाळतो. घरच्या अन्नाची गोष्ट वेगळी. तेथें कुळाचा रिवाज चालतो आणि वाढणारा हात ओळखीचा असतो. पण मनुष्य पैसे देऊन परक्याच्या पानावर बसला म्हणजे समाजाची उतरंड उघडी पडते. कोण कोठें बसतो, त्याच्यापुढें कोणतें भांडें येतें, वाढपी त्याच्याशीं कोणत्या भाषेंत बोलतो, एवढें पाहिलें तरी त्या देशाचा बराचसा सामाजिक इतिहास हातीं लागतो. आपल्याकडे एकाच मांडवांत एकास तूप आणि दुसऱ्यास तेल वाढणें यास पंक्तिप्रपंच म्हणतात आणि तें कृत्य निंद्य मानतात. पोर्तुगाल देशांत हा पंक्तिप्रपंच दोन शतकें कसा चालला आणि अलीकडे त्यानें कोणतें नवें रूप घेतलें, हें सांगण्याचा या लेखांत आमचा विचार आहे.

हा विषय आमच्या वाचकांस अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. पाव, बटाटा आणि कोबी हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांच्या जिभेवरून आपल्या जिभेवर आले. ज्या परातींत आपण कणीक मळतों ती परातहि त्यांच्याच 'प्रातु'ची लेक होय. त्यांच्या मिन्यु प्रांतांतील शेतकऱ्याचें रोजचें सूप घ्या. त्यास 'काल्दु व्हेर्द' म्हणजे हिरवें सार म्हणतात. बटाटे उकडून घोटावयाचे, त्यांत गड्डा न धरणाऱ्या एका जातीच्या कोबीचीं पानें केसासारखीं बारीक चिरून सोडावयाचीं, वरून ऑलिव्हचें तेल घालावयाचें, आणि गोव्यांत ज्यास चोरीस म्हणतात त्या मसालेदार डुकराच्या मांसाची एक चकती प्रत्येक वाडग्यांत टाकावयाची. शेजारीं मक्याच्या पिठाची जाड भाकरी. या सारांतील दोन मुख्य जिनसांचीं नांवें, 'बाताता' आणि 'कोव्ह', मराठी गृहिणी थोड्याशा फरकानें रोज उच्चारते. पण ज्या पानावरून तीं उठून आपल्याकडे आलीं तें पान तिच्या दृष्टीस कधीं पडलेलें नसतें. स्वतः बटाटाहि पोर्तुगालचा मूळचा नव्हे, तो अमेरिकेहून आलेला पाहुणा. गरिबाच्या चुलीनें त्यास घरचा करून घेतला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पैसे देऊन जेवण्याच्या जागांची जी उतरंड त्या देशांत आहे, तिच्या तळाशीं 'ताश्का' असते. ताश्का म्हणजे दारूचा गुत्ता आणि खानावळ यांच्या मधली जागा. अरुंद खोली, भिंतींवर चकाकणाऱ्या फरशा, चारसहा मेजें, पिंपांतून काढलेली द्राक्षाची दारू, आणि मागल्या बाजूस छोटीशी चूल. पुष्कळदां नवरा पुढें वाढतो आणि बायको मागें रांधते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लिस्बनमधील अशा अनेक जागा स्पेनच्या वायव्य कोपऱ्यांतील गालिसिया प्रांताहून आलेल्या गरीब लोकांनीं चालविल्या. हे गालेगु लोक प्रथम पाणी आणि ओझीं वाहण्यासाठीं शहरांत आले. गालेगुप्रमाणें राबणें हा वाक्प्रचार पोर्तुगीज भाषेंत त्यांच्या कष्टांवरूनच रूढ झाला. त्यांपैकीं कांहींनीं कोळशाचीं दुकानें घातलीं. तेथें एका बाजूस कोळसा आणि दुसऱ्या बाजूस दारू विकत. कोळसा घ्यावयास आलेला मनुष्य पेलाभर दारू घेई, नुसती दारू पोटांत जळजळ करी, म्हणून तव्यावर कांहींतरी परतून त्याच्यापुढें येऊं लागलें. अन्नाच्या व्यापाराची ही सुरुवात किती स्वाभाविक आहे! दुकानांत विस्तव होता, दारांत भूक उभी होती, आणि मालकास दोहोंची ओळख होती.

ताश्केंत जें मिळतें त्यास 'पेतिश्कु' म्हणतात. शेजारच्या स्पेनांतील 'तापास' जगभर गाजले असल्यामुळें प्रवासी लोक पेतिश्कुसहि तेंच नांव देतात. परंतु पोर्तुगीज मनुष्यास तें रुचत नाहीं. तापा हा बहुधा पेल्यासोबत उभ्याउभ्या तोंडांत टाकावयाचा घांस. पेतिश्कुची बशी मध्यें ठेवावी, चौघांनीं तिच्याभोंवतीं बसावें, पावाच्या तुकड्यानें तळचा रस टिपावा आणि गप्पा संपल्या कीं दुसरी बशी मागवावी, असा त्याचा थाट. खारवलेल्या माशाचीं भजीं, लसूण व ऑलिव्हच्या तेलांतील कालवें, उन्हाळ्यांत ओव्याच्या जातीच्या पाल्यांत उकडलेल्या गोगलगायी, अशी ही यादी लांब आहे. फरसबीच्या शेंगा पिठांत बुडवून तळतात आणि त्यांस 'मळ्यांतले मासे' असें नांव देतात. मासळी न परवडणाऱ्या माणसाची ही थट्टा आहे आणि समाधानहि आहे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज जपानांत गेले तेव्हां तळण्याची ही रीत त्यांच्यासोबत गेली आणि जपानी लोकांचा 'तेंपुरा' तिजपासून निघाला, असें मानतात. आणखी एक पदार्थ सांगण्यासारखा आहे. काळजाचे पातळ काप लसूण आणि दारूंत मुरवून परततात. गिऱ्हाईक ते 'त्यांच्यासह' मागे किंवा 'त्यांच्यावांचून' मागे. हे 'ते' म्हणजे उकडलेले बटाटे. खिशांत आणखी एक नाणें आहे किंवा नाहीं, एवढाच त्या दोन मागण्यांतील फरक. पण बटाट्याचें नांव न घेतां तो सांगतां येई आणि गरिबाची लाज राही.

ताश्केच्या वरची पायरी 'काझा द पाश्तु', म्हणजे भोजनाचें घर. येथें दारू दुय्यम आणि जेवण मुख्य. दुपारीं कारकून, छापखान्यांतले जुळारी, गाडीवाले, दुकानांतले नोकर येथें बसत. आधीं सूप, मग दिवसाचा ठरलेला एक पदार्थ, मग फळ किंवा गोड. या घरांची एक रीत अजूनहि चालू आहे. पदार्थ पूर्ण वाट्यानें किंवा 'मेया दोझ' म्हणजे अर्ध्या वाट्यानें मिळतो. अर्धा वाटाहि एका माणसास पुरून उरेल एवढा असतो, आणि तो मागणाऱ्याकडे कोणी तुच्छतेनें पाहत नाहीं. मेजावर कागद पसरलेला असतो आणि जेवण झाल्यावर वाढपी त्याच कागदावर हिशेब मांडतो. न मागतां पुढें ठेवलेला पाव, ऑलिव्हचीं फळें आणि चीज यांस मात्र परक्या मनुष्यानें फुकटचा पाहुणचार समजूं नये. खाल्लें तर त्याचे पैसे पडतात. हा प्रकार वादाचा झाल्यामुळें सन २०१५ च्या कायद्यानें असें स्पष्ट केलें कीं, गिऱ्हाइकानें जें मागितलें नाहीं आणि ज्यास हात लावून निरुपयोगी केलें नाहीं, त्याचे पैसे त्याजकडून घेतां येत नाहींत. पोर्तो शहरांत या भोजनघरांचा मानाचा पदार्थ म्हणजे पांढऱ्या घेवड्यांत शिजविलेलीं आंतडीं. सन १४१५ मध्यें सेउता घेण्यास आरमार निघालें तेव्हां नागरिकांनीं चांगलें मांस सारें जहाजांवर चढविलें आणि स्वतःस आंतडीं ठेवलीं, अशी आख्यायिका आहे. तिच्या खरेपणाविषयीं इतिहासकार कांहींहि म्हणोत, पोर्तोचे लोक स्वतःस 'त्रिपेइरु' म्हणजे आंतडेंखाऊ म्हणवितात आणि तें नांव अभिमानानें मिरवितात.

आतां वरच्या पंक्तीकडे वळूं. पोर्तुगीज भाषेंतील पहिलें छापील पाकशास्त्र सन १६८० मध्यें निघालें. तें राजवाड्यांतील आचारी दोमिंगुश रोद्रिगिश यानें लिहिलें होतें. बरोबर शंभर वर्षांनीं, १७८० मध्यें, राजघराण्याच्याच चाकरींतील लुकाश रिगो या फ्रेंच आचाऱ्यानें 'नवा आचारी' अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक छापलें आणि रोद्रिगिशच्या पुस्तकास सदोष ठरवून बाजूस सारलें. या दोन पुस्तकांच्या मधल्या काळांत एक मोठें अरिष्ट येऊन गेलें होतें. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं भूकंप, समुद्राची लाट आणि आग यांनीं लिस्बन जमीनदोस्त केलें. मार्केश द पोंबाल यानें सरळ आणि रुंद रस्त्यांचें नवें शहर उभारलें. नव्या शहरास नव्या बैठका हव्या होत्या. १७८२ मध्यें राजचौकाच्या कमानींखालीं पुढें 'मार्तिन्यु द आर्काद' या नांवानें प्रसिद्ध झालेली कॅफे सुरू झाली, आणि १७८४ मध्यें वरल्या वस्तींत जी जागा निघाली ती पुढें तावारेश बंधूंच्या हातीं जाऊन लिस्बनमधील सर्वांत जुनें भोजनगृह म्हणून नांवारूपास आली. आरसे, सोनेरी नक्षी आणि झुंबरें यांनीं सजलेल्या त्या दालनास लोक 'श्रीमंत तावारेश' म्हणूं लागले. तेथें पदार्थ फ्रेंच, त्यांचीं नांवें फ्रेंच आणि जेवणाऱ्यांची ऐटहि फ्रेंच.

या दोन पंक्तींच्या मध्यें कांहीं जागा निर्माण झाल्या त्यांचाहि उल्लेख केला पाहिजे. मारारे नांवाच्या एका नेपल्सच्या मनुष्यानें लिस्बनांत येऊन कॅफे काढल्या. त्यांतील लोणी आणि दुधाच्या सायींतला गोमांसाचा भाजलेला काप इतका गाजला कीं, कॅफे गेल्या तरी तो पदार्थ त्याच्या नांवानें राहिला. १८३४ मध्यें उदारमतवादी सरकारनें पुरुषांचे धर्मसंघ मोडले आणि त्यांच्या मठांची मालमत्ता सरकारजमा केली. त्यानंतर दोनच वर्षांनीं, त्रिंदादच्या ओसाड मठाच्या जागेंत, मान्वेल मोरेइरा गार्सिया या गालेगु माणसानें बीयरचा कारखाना आणि बीयर पिण्याचें दालन उघडलें. जेथें संन्यासी मौन धरून जेवत तेथें वकील, नट आणि वर्तमानपत्रकार मोठ्यानें वाद घालूं लागले. पुढें १८६३ मध्यें भिंतींवर चित्रांच्या फरशा बसल्या. पाणी आणि कोळसा वाहणाऱ्यांचा जातभाई शहराच्या मध्यमवर्गाचा यजमान झाला, हा त्या काळचा लहानसा पण अर्थपूर्ण बदल होय.

या पंक्तिप्रपंचाचें सर्वांत मार्मिक चित्र पाहावयाचें असेल तर एसा द केइरोश या कादंबरीकाराकडे जावें लागतें. १८८८ मध्यें निघालेल्या त्याच्या 'ओश मायाश' या कादंबरींत लिस्बनच्या एका मोठ्या हॉटेलांत एका बँकवाल्याच्या सन्मानार्थ मेजवानी होते. पदार्थांचीं नांवें फ्रेंच आहेत. वाटाण्याच्या एका पदार्थास तर खुद्द त्या बँकवाल्याचें नांव दिलेलें आहे. जेवतां जेवतां देशाच्या दिवाळखोरीची गोष्ट निघते, आणि कर्ज काढणें हें सरकारचें नेहमीचें उत्पन्नच आहे, अशा थाटांत तो गृहस्थ हंसत बोलतो. कादंबरी निघाल्यानंतर चार वर्षांनीं, १८९२ मध्यें, पोर्तुगाल सरकारनें खरोखरच आपल्या कर्जाची पुरती फेड करण्यास असमर्थता जाहीर केली. त्याच कादंबरींत सिंत्रा येथील सहलींत आलेन्कार नांवाचा म्हातारा कवि स्वतः मुदपाकखान्यांत शिरून खारवलेला मासा रांधतो, आणि त्या जेवणांत थाटाच्या मेजवानीपेक्षां अधिक जीव आहे असें वाचकास वाटल्यावांचून राहत नाहीं. गंमत अशी कीं, स्वतः केइरोश त्या श्रीमंत जगाबाहेरचा नव्हता. आपणांस 'जीवनांत हरलेले' म्हणविणाऱ्या लेखक, मुत्सद्दी आणि सरदारांच्या ज्या मंडळांत तो होता, तें मंडळ ब्रागान्सा हॉटेलांत थाटाचीं जेवणें घेई.

त्याच्या मृत्यूनंतर १९०१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'शहर आणि डोंगर' या अर्थाच्या नांवाच्या कादंबरींत तर ही कथा अगदीं उघड केली आहे. नायक जासिंतु पॅरिसमध्यें यंत्रांनीं भरलेल्या वाड्यांत राहतो. एका राजपुरुषास दिलेल्या मेजवानींत मुख्य पदार्थाचा मासा यंत्राच्या पाळण्यांतच अडकतो आणि पाहुणे भोकाशीं वांकून खालीं पाहत राहतात. पुढें हाच जासिंतु पोर्तुगालच्या डोंगरांतील आपल्या पडक्या घरीं पोंचतो तेव्हां सामान हरवलेलें, भूक लागलेली, आणि पुढें येतें काय तर कोंबडीचें सार आणि पावट्याच्या जातीच्या शेंगांचा भात. ज्याची भूक कित्येक वर्षें मेली होती तो मनुष्य वाडगें पुन्हां पुढें करतो. हा प्रसंग पोर्तुगीज वाचकांच्या मनांत इतका घर करून आहे कीं, लेखकाच्या नांवानें चालणाऱ्या संस्थेच्या घरीं हे पदार्थ कौतुकानें वाढूं लागले. वरच्या पंक्तीनें खालच्या पंक्तीकडे मान वळवून पाहण्याची ही पहिली मोठी वेळ, असें आम्हांस वाटतें.

खालच्या पंक्तीचा खरा राजा म्हणजे 'बाकाल्याव', खारवून वाळविलेला कॉड मासा. हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ मिळतच नाहीं. सोळाव्या शतकापासून तो अटलांटिकपलीकडील न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रांतून येऊं लागला. मांसवर्ज्य उपवासांच्या दिवशीं चालणारा, उन्हाळ्यांत न नासणारा आणि डोंगरांतल्या गांवापर्यंत पोंचणारा म्हणून तो गरिबाचा झाला, आणि नाताळच्या आदल्या रात्रीं सर्वांचाच झाला. त्याच्या पदार्थांचीं नांवें वाचलीं म्हणजे खानावळींचा इतिहासच वाचल्यासारखें होतें. तो बटाट्याच्या बारीक काड्या व अंड्यांत मिसळतात त्या प्रकारास लिस्बनमधील ब्राश नांवाच्या गुत्तेवाल्याचें नांव आहे, असें सांगतात. कांदा, बटाटा आणि उकडलेलें अंडें घालून करतात त्यास पोर्तोच्या गोमिश द सा या व्यापाऱ्याचें. लसूण आणि कोथिंबीर घातलेल्या कालवांस बुल्यांव पातु या कवीचें नांव मिळालें. हा कवि १९१२ मध्यें वारला; त्याच्या कविता आज थोडे लोक वाचतात, पण त्याचें नांव रोज हजारों मुखांतून बाहेर पडतें. मघाशीं सांगितलेला आलेन्कार आपल्यावरूनच बेतला आहे, असा त्याचा समज झाला होता आणि तो रागावलाहि होता. साहित्यापेक्षां कालवें अधिक टिकलीं, यांत त्याचा अपमान समजावा कीं सन्मान, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

विसाव्या शतकांत सरकारानेंहि या पानांत हात घातला. १९२६ मध्यें लष्कराचें राज्य आलें. दुसऱ्याच वर्षीं निघालेल्या हुकुमानें सार्वजनिक करमणुकींवर परवान्यांचें आणि तपासणीचें बंधन आलें. 'फादु' नांवाचें विरहाचें गाणें ताश्कांतच वाढलें होतें. १८४६ मध्यें तरुणपणींच वारलेली त्याची पहिली विख्यात गायिका मारिया सेवेरा ही गुत्ता चालविणाऱ्या बाईची मुलगी होती. आतां गाणारांस धंद्याचें ओळखपत्र लागूं लागलें, गाण्याचे शब्द आधीं दाखवावे लागूं लागले, आणि फादु हळूहळू सजविलेल्या भोजनगृहांत गेला. पुढें सालाझारच्या राजवटींत १९३४ पासून कॉड पकडण्याची सरकारी मोहीम सुरू झाली. एकएका माणसास एका लहान होडींत बसवून धुक्याच्या समुद्रांत हातानें गळ टाकावयास सोडीत. मेजावरील स्वस्त माशाची ही खरी किंमत होती. १९३६ मध्यें ओलिवेइरा बेल्लु या गृहस्थानें पोर्तुगीज पाकक्रियांचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध करून परकीय पदार्थांपुढें स्वदेशी पदार्थांची बाजू मांडली, आणि १९४२ पासून सरकारनें प्रांतोप्रांतीं 'पोझादा' नांवाचीं पाहुणघरें उघडून तेथें त्या त्या प्रांताचे पदार्थ वाढविले. गरिबाचें अन्न प्रथमच पांढऱ्या चादरीवर आलें, हें खरें. पण तें शोभेसाठीं आलें. तें रोज खाणारा शेतकरी त्या पंक्तीस नव्हता, आणि त्याचीं मुलें पुढें हजारोंनीं फ्रान्सांत मजुरीसाठीं जात होतीं.

ही राजवट २५ एप्रिल १९७४ रोजीं कोसळली, आणि या घटनेच्या खुणेचें फूलहि एका भोजनगृहांतूनच आलें. लिस्बनमधील एका नव्या उपाहारगृहाचा त्या दिवशीं पहिला वाढदिवस होता आणि गिऱ्हाइकांस देण्यासाठीं फुलें आणून ठेवलीं होतीं. रस्त्यांत सैन्य आल्यामुळें दार उघडलेंच नाहीं. मालकानें फुलें नोकरांस घरीं न्यावयास सांगितलीं. तेथें काम करणाऱ्या सेलेश्त काइरु या बाईनें वाटेंत भेटलेल्या एका शिपायास सिगारेट नव्हती म्हणून कार्नेशनचें फूल दिलें, त्यानें तें बंदुकीच्या नळींत खोंवलें, आणि त्या क्रांतीस त्या फुलाचें नांव पडलें. क्रांतीनंतर आफ्रिकेंतील वसाहती सुटल्या आणि पांच लाखांहून अधिक माणसें पोर्तुगालांत परत आलीं. त्यांच्यांत मोझांबिकमध्यें स्थायिक झालेले गोमंतकीयहि होते. त्यांनीं समोसा आणि शागुती तिकडे नेली. आज लिस्बनच्या साध्या कॅफेंत काचेच्या पेटींत कॉडच्या वड्यांशेजारीं 'शामुसा' मांडलेला दिसतो, आणि तो परदेशी आहे याची खाणाऱ्यास आठवणहि नसते. पाव आणि बटाट्याचें ऋण आपल्या बाजूनें असें थोडें फार फिटलें म्हणावयाचें. १९८२ मध्यें मारिया द लूर्दिश मोदेश्तु या बाईंनीं प्रांतोप्रांतींच्या पारंपरिक पाकक्रियांचा संग्रह प्रसिद्ध केला. घरच्या आणि खानावळीच्या अन्नास ग्रंथाची प्रतिष्ठा मिळाली.

तरीहि वरची पंक्ति लवकर बदलली नाहीं. विसावें शतक संपतांना देशांत ज्या भोजनगृहास मिश्लॅं मार्गदर्शिकेचे दोन तारे होते तें आल्गार्व्हच्या किनाऱ्यावर होतें आणि त्याचा मुख्य आचारी डीटर कोशिना हा ऑस्ट्रियन होता. पुढच्या पिढीनें मात्र दिशा बदलली. जुझे आविलेश या तरुण आचाऱ्यानें प्रथम त्याच जुन्या तावारेशला तारा मिळवून दिला. मग १९५८ पासून चालत आलेलें 'बेलकांतु' हें भोजनगृह हातीं घेऊन २०१२ मध्यें नव्या रूपांत उघडलें, आणि २०१४ मध्यें त्यास दोन तारे मिळाले. या पिढीच्या पानांवर फ्रेंच नांवें नाहींत. तेथें आलेंतेज्युच्या मजुराची 'आसोर्दा' येते. शिळा पाव, लसूण, कोथिंबीर, मीठ, ऑलिव्हचें तेल आणि कढत पाणी, एवढ्यावर ज्यांनीं दिवस काढले त्यांचें तें अन्न. चमचाभर आसोर्दा मोठ्या पांढऱ्या बशीच्या मध्यभागीं ठेवलेली असते आणि वाढपी तिचा इतिहास सांगतो. दोमिंगुश रोद्रिगिशचा अपमान करून ज्या पंक्तीनें सुरुवात केली, ती आज स्वतःच्या मातीचें नांव घेऊं लागली, याचा आनंद मानलाच पाहिजे.

पण याच काळांत ताश्केची दशा काय झाली? २०११ मध्यें देशास परक्यांकडून मोठें कर्ज घ्यावें लागलें. पुढच्या वर्षीं घरभाड्यांचा कायदा बदलला आणि जुन्या, कमी भाड्याच्या करारांचें संरक्षण सैल झालें. त्याच सुमारास प्रवाशांची रीघ लागली. जुन्या वस्तींतल्या घरांचीं उतारघरें झालीं, भाडेकरू उपनगरांत गेले, आणि त्यांच्यासोबत ताश्केचें दुपारचें गिऱ्हाईक गेलें. म्हातारा नवरा आणि म्हातारी बायको यांच्यामागें चूल पेटविण्यास मुलें तयार नाहींत. तयार असलीं तर भाडें परवडत नाहीं. लिस्बनच्या नगरपालिकेनें २०१५ मध्यें ऐतिहासिक दुकानांच्या रक्षणाची योजना काढली, आणि २०१७ मध्यें अशा जागांस संरक्षण देणारा देशव्यापी कायदाहि झाला. या प्रयत्नांची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. इकडे 'ताश्का' आणि 'ताबेर्ना' हीं नांवें मात्र महाग झालीं आहेत. नव्या भोजनगृहांच्या पाट्यांवर तीं मिरवतात, आणि तेथील पेतिश्कुच्या एका बशीच्या पैशांत जुन्या ताश्केंत पुरें जेवण झालें असतें.

यावर कोणी असें म्हणेल कीं, पदार्थ टिकला म्हणजे झालें. तो कोणत्या बशींत टिकला यास काय महत्त्व? हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. पदार्थ स्थिर नसतो, हें तर या साऱ्या इतिहासावरूनच दिसतें. बटाटा अमेरिकेचा, मासा न्यूफाउंडलंडचा, गोमांसाचा काप एका नेपल्सच्या माणसाचा आणि समोसा गोमंतकीयांचा. स्वतः न्यूफाउंडलंडचा मासाहि संपत आला आणि १९९२ मध्यें कॅनडा सरकारनें तेथील मासेमारी बंद केली. आज पोर्तुगीज मेजावरचा बाकाल्याव मुख्यतः नॉर्वे आणि आइसलंडकडून येतो. तेव्हां शुद्धतेचा आग्रह धरण्यांत अर्थ नाहीं, आणि गुणी आचाऱ्यानें आसोर्दा रुप्याच्या चमच्यानें वाढली म्हणून त्यास दोष देणेंहि योग्य नव्हे. प्रश्न निराळा आहे. आसोर्देंत, काळजाच्या कापांत आणि मळ्यांतल्या माशांत जी चव आली ती थोड्या पैशांत पोट भरण्याच्या गरजेंतून आली. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या जिभेनें ती तपासली, आणि शेजारच्या चुलीशीं स्पर्धा करून ती सुधारली. वरची पंक्ति या चवीचें व्याज आज खात आहे. मुद्दल मात्र खालच्या पंक्तीचें आहे आणि तें आटत चाललें आहे.

पूर्वींचा पंक्तिप्रपंच असा होता कीं, वरच्या पंक्तीस खालच्या पंक्तीच्या अन्नाची लाज वाटे. आतांचा पंक्तिप्रपंच असा कीं, तिला त्या अन्नाचा अभिमान वाटतो, पण तें अन्न निर्माण करणाऱ्या माणसास पंक्तींत जागा उरत नाहीं. कायदा फरशा वाचवूं शकतो, जुनी पाटी आणि लांकडी मेज वाचवूं शकतो, भाडेकरूस कांहीं वर्षांची मुदत मिळवून देऊं शकतो. मजुरानें दुपारीं दारांतून आंत यावें, अर्धा वाटा मागावा, आणि खिशांत एक नाणें कमी आहे हें कोणास न कळूं देतां 'त्यांच्यावांचून' म्हणावें, ही गोष्ट मात्र कोणत्याहि कलमानें टिकत नाहीं. ती जेथें टिकली आहे तेथें ताश्का जिवंत आहे, मग भिंती नव्या असोत. जेथें ती नाहीं तेथें जुन्या फरशा कितीहि चकाकोत, तेथें ताश्केचें नांव तेवढें शिल्लक राहिलें आहे, असेंच म्हणावें लागेल.